रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या कामगार संघटना आज कुठे आहेत? लोखंडेंपासून डिलिव्हरी बॉयपर्यंतची गोष्ट

तुम्हाला रविवारी सुट्टी असते. ती सरकारने आपणहून दिलेली नाही आणि मालकांनी खूश होऊनही दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती सहा वर्षं मागितली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने ती मान्य केली.

या गोष्टीला आता १३५ वर्षं उलटून गेली. मधल्या काळात कामगारांच्या नशिबी बरंच काही आलं. आठ तासांचं काम आलं, भविष्य निर्वाह निधी आला, बोनस आला. गिरण्या बंद पडल्या, त्या जागी मॉल उभे राहिले. आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांच्यात विलीन झाले. सरकार म्हणतं, कामगारांसाठी हा मोठा सुधार आहे. दहा केंद्रीय कामगार संघटना म्हणतात, शंभर वर्षांत कमावलेलं यात गमावलं. भारतीय मजदूर संघाने मात्र संहितांचं स्वागत केलं.

म्हणजे संघटनांमध्येही एकमत नाही. मग सामान्य नोकरदाराने, कंत्राटी कामगाराने किंवा दहा-बारा तास बाईकवर फिरणाऱ्या डिलिव्हरी बॉयने यातून काय समजायचं? युनियनची गरज संपली आहे की पूर्वीपेक्षा वाढली आहे? सुरुवातीपासून समजून घेऊ.

रविवारची सुट्टी कशी मिळाली?

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि दोन वर्षांनी उत्पादन सुरू झालं. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा भागात गिरण्यांची रांग लागली. कोकण, सातारा, पुणे जिल्ह्यातली माणसं कामाच्या शोधात मुंबईत येऊ लागली.

काम सूर्य उगवला की सुरू व्हायचं आणि मावळला की संपायचं. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा व्हायचा. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. पगार कधी होईल याचा नेम नव्हता. यंत्रात हात गेला तर भरपाई नव्हती.

१८८१ मध्ये सरकारने पहिला फॅक्टरी कायदा केला, पण त्यात संरक्षण होतं ते फक्त लहान मुलांना. या कायद्यामागे निव्वळ कणवच होती असंही नाही. मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती घेतलेल्या इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणी मालकांनीही त्यासाठी जोर लावला होता.

मोठ्यांसाठी बोलायला कोण होतं? तर नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. मांडवीतल्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर होते, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. १८८० पासून ते मुंबईत ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवू लागले.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांची सभा घेतली. सरकारने नेमलेल्या आयोगाला निवेदन द्यायचं ठरलं आणि त्यावर साडेपाच हजारांहून जास्त कामगारांनी सह्या-अंगठे दिले. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघात झाला तर भरपाई.

आज या मागण्या वाचताना वाटतं, यात मागण्यासारखं काय आहे? पण तेव्हा त्या मान्य व्हायला सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. त्यानंतर दीड महिन्यात रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली.

लोखंडेंची ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही भारतातली पहिली कामगार संघटना मानली जाते. अभ्यासक मात्र एक गोष्ट लक्षात आणून देतात. या संघटनेकडे वर्गणी भरणारे सभासद नव्हते, निधी नव्हता, लिखित नियमही नव्हते. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. पण युनियनचं मूळ काम तिने केलंच. एकेकट्या कामगाराला जे मागायची भीती वाटत होती, ते हजारोंनी मिळून मागितलं.

युनियन करणं गुन्हा होता का?

थेट गुन्हा नव्हता, पण कायद्याचं संरक्षणही नव्हतं. याचा अर्थ काय, ते मद्रासमध्ये कळलं.

एप्रिल १९१८ मध्ये बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. नियमित सभासद आणि वर्गणी असलेली देशातली ही पहिली संघटना म्हटली जाते. बकिंगहॅम अँड कर्नाटिक या गिरण्यांमध्ये संघर्ष पेटला तेव्हा कंपनी कोर्टात गेली. युनियनचे नेते कामगारांना करार मोडायला लावत आहेत, असा दावा कंपनीने केला. कोर्टाने नेत्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि नुकसानभरपाईचा बोजाही त्यांच्यावर टाकला.

म्हणजे कामगारांना एकत्र आणलं, तर पुढाऱ्याचं घरदार जप्त होण्याची वेळ. ही अडचण केंद्रीय कायदेमंडळात मांडली ती एका मराठी माणसाने. त्यांचं नाव नारायण मल्हार जोशी. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी हे ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत स्थापन झालेल्या ‘आयटक’च्या, म्हणजे देशातल्या पहिल्या केंद्रीय कामगार संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. पहिले अध्यक्ष होते लाला लजपतराय. १९२१ मध्ये जोशींनी कायदेमंडळात ठराव मांडला. संघटनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना संरक्षण मिळावं, अशी त्यांची मागणी होती. पाच वर्षांनी, १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. लोअर परळमधला ना. म. जोशी मार्ग त्यांच्याच नावाचा.

या कायद्याचा गाभा सोपा होता. नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर केवळ संप घडवला म्हणून फौजदारी कटाचा किंवा करारभंगाचा खटला भरता येणार नाही. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कलम १९(१)(ग) मध्ये संघटना स्थापन करण्याचा मूलभूत हक्क दिला.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. संघटना करणं हा मूलभूत हक्क आहे, पण संप करणं हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. संपाचा अधिकार फक्त कायद्याने दिलेला आहे. त्यामुळे कायदा बदलला की तोही बदलतो. नव्या संहितांवरून एवढा वाद का आहे, ते इथे कळतं.

लाल बावटा आणि बाहेर राहिलेले कामगार

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. कमी माणसांत जास्त यंत्रं चालवण्याच्या योजनेविरुद्ध आणि पगारकपातीविरुद्ध हा संप होता. यातूनच श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची गिरणी कामगार युनियन, म्हणजेच ‘लाल बावटा’, उभी राहिली. वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. सरकार हादरलं. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात डांग्यांसह अनेक नेत्यांना अटक झाली.

पण ही एकजूट सगळ्यांची होती का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच प्रश्न विचारला. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण दलित कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ वाटायचा. ज्या संघटना मालकाच्या अन्यायाविरुद्ध लढत होत्या, त्या आपल्याच सभासदांकडून होणाऱ्या या अन्यायावर गप्प होत्या.

तरीही बाबासाहेबांनी कामगार लढ्याकडे पाठ फिरवली नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. मुंबई प्रांताच्या सरकारने संपावर बंधनं घालणारं विधेयक आणलं, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी ते कम्युनिस्टांसोबत एक दिवसाच्या संपात उतरले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. याच काळात कारखान्यांतल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज आपण ज्याला ‘आठ तासांची ड्युटी’ म्हणतो, तिचा कायदेशीर पाया हा आहे.

स्त्रियांचंही तसंच झालं. एके काळी गिरण्यांमध्ये बायकांची संख्या मोठी होती. यंत्रं बदलली, रात्रपाळ्या आल्या आणि कपातीची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडली. संघटनांचे बहुतेक पुढारी पुरुष होते. बायकांच्या नोकऱ्या वाचवण्यासाठी मोठा संप झाला नाही.

१९८२ चा संप: नेमकं काय चुकलं?

‘युनियनबाजीमुळे गिरण्या बुडाल्या’ हे वाक्य महाराष्ट्रात प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ते कितपत खरं आहे?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या साठहून अधिक गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. सामंत मूळचे कोकणातले. घाटकोपरला दवाखाना चालवता चालवता खाणकामगारांच्या प्रश्नात पडलेले डॉक्टर. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी घसघशीत पगारवाढ मिळवून दिली होती. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांमध्ये असंतोष उसळला आणि कामगार स्वतः मोर्चा घेऊन त्यांच्या दारात गेले.

मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. पण खरी गाठ कायद्यात होती.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकाच संघटनेला ‘प्रातिनिधिक’ म्हणून मान्यता मिळायची. गिरण्यांमध्ये ती मान्यता काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. मालकांशी वाटाघाटी करायचा अधिकार फक्त त्यांना. कामगार मात्र मोठ्या संख्येने सामंतांच्या मागे उभे होते. म्हणजे ज्यांच्याकडे कामगार, त्यांच्याशी बोलायला कायदा परवानगी देत नव्हता आणि ज्यांच्याशी बोलता येत होतं, त्यांचं कामगार ऐकत नव्हते. सरकारने संप बेकायदा ठरवला. सामंतांना मान्यता दिली तर बंदर, रेल्वे अशा इतर क्षेत्रांतही ते शिरतील, ही भीती दिल्लीतल्या सरकारला होती, असं राजकीय अभ्यासक मानतात.

मालकांनाही घाई नव्हती. अनेक गिरण्यांची यंत्रं जुनाट झाली होती. कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर स्वस्तात तयार होत होतं. आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा महाग होत चालली होती.

कामगारांनी महिनोन्‌महिने कळ काढली. दागिने मोडले, भांडी विकली, अनेक जण गावी परतले. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो हळूहळू विरून गेला. लाखाच्या घरात कामगारांनी कायमची नोकरी गमावली. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट असतानाही सामंत मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. संप हरला होता, पण कामगारांचा त्यांच्यावरचा विश्वास उरला होता. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांची हत्या झाली.

गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं, ते सगळ्यांसमोर आहे. १९९१ च्या विकास नियमावलीने जमिनीचा वाटा शहरासाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. २००१ च्या बदलाने तो फार कमी झाला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. घरांसाठी दीड लाखांहून जास्त गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघाल्या, पण बहुतेकांच्या वाट्याला अजून वाट पाहणंच आलं आहे.

तेव्हा ‘संपामुळे गिरण्या बुडाल्या’ हे अर्धंच सत्य आहे. संपाने शेवट लवकर आणला. संप सुरू ठेवायचा की थांबवायचा, हे योग्य वेळी ठरवण्यात नेतृत्व कमी पडलं, ही टीकाही रास्त आहे. पण धंदा आतून पोखरलेला होता आणि वाटाघाटीचा रस्ता कायद्यानेच बंद केला होता.

तीच गाठ पुन्हा: एसटीचा संप

हा इतिहास जुना झाला, असं वाटत असेल तर २०२१ आठवा. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. महामंडळाचं राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी होती. सरकारने नोव्हेंबरमध्येच मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली. तरी बहुसंख्य कर्मचारी कामावर परतले नाहीत. मान्यताप्राप्त संघटनांचे नेते बाजूला पडले. कर्मचाऱ्यांनी त्यांचं ऐकणंच सोडलं होतं. विलीनीकरण झालं नाही आणि अखेर उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीत कर्मचारी कामावर गेले. गावोगावी विद्यार्थ्यांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे जे हाल झाले, ते वेगळेच.

दोन्ही संपांमध्ये चाळीस वर्षांचं अंतर आहे, पण कथा एकच. कागदावरची मान्यता एकाकडे आणि कामगारांचा विश्वास दुसरीकडे, असं झालं की संप भरकटतो. युनियन कमकुवत असली की संप होत नाहीत, हा समज चुकीचा आहे. संप तेव्हाही होतात, फक्त ते मिटवू शकेल असं कोणी उरत नाही.

नव्या संहितेत काय बदललं?

औद्योगिक संबंध संहितेतले चार बदल लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

*मान्यता:* हजेरीपटावरच्या ५१ टक्के किंवा जास्त कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी करणारी संघटना ठरेल. कोणाकडेच ५१ टक्के नसतील तर वाटाघाटी परिषद बनेल आणि २० टक्के पाठिंब्यामागे एक प्रतिनिधी मिळेल. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासद पुरे होते.

*संप:* आता कोणत्याही उद्योगात संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागेल. आधीच्या केंद्रीय कायद्यात हे बंधन फक्त पाणी, वीज, वाहतूक अशा सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होतं. तडजोडीची बोलणी सुरू असताना आणि त्यानंतर सात दिवस संप करता येणार नाही. संघटनांचा आक्षेप इथेच आहे. नोटीस दिली की तडजोड अधिकारी बोलणी सुरू करणार, मग कायदेशीर संप करायचा कधी?

*सामूहिक रजा:* ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप समजला जाईल.

*कपात:* ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागणार नाही. पूर्वी ही मर्यादा १०० होती.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. १०० च्या मर्यादेमुळे कारखानदार मुद्दाम लहान राहायचे किंवा कंत्राटी माणसं घ्यायचे, असं सरकार आणि उद्योगजगत सांगतं. नव्या संहितांमध्ये नियुक्तीपत्र बंधनकारक झालं आहे. मुदतीच्या करारावरच्या कामगारांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल. जादा कामाला दुप्पट मोबदला कायम आहे. ५१ टक्क्यांच्या अटीमुळे १९८२ सारखा ‘खरी युनियन कोणती’ हा घोळ मिटू शकतो, असाही युक्तिवाद आहे.

तो काही अंशी पटतो. पण ५१ टक्के सभासद करायला कामगार निर्धास्तपणे युनियनचं कार्ड घेऊ शकला पाहिजे. मुदतीच्या करारावर असलेल्या माणसाचा करार पुढच्या वर्षी वाढवायचा की नाही, हे मालक ठरवणार. असा माणूस सभासदत्वाच्या अर्जावर सही करताना दहा वेळा विचार करेल. तमिळनाडूत सॅमसंगच्या कारखान्यात २०२४ मध्ये ३७ दिवसांचा संप झाला. त्यात मोठा मुद्दा पगाराचा नव्हता, तर युनियनची नोंदणी होऊ द्या, हा होता. ती नोंदणी जानेवारी २०२५ मध्ये झाली. म्हणजे १९२६ चा कायदा होऊन शंभर वर्षं होत आली, तरी पहिली लढाई अजून नोंदणीचीच आहे.

महाराष्ट्राचा आणखी एक निर्णय यात जोडून पाहायला हवा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकार सांगतं. प्रश्न संमतीचाच आहे. समोर मुकादम किंवा एचआर उभा असताना एकटा कामगार ‘नाही’ म्हणू शकतो का? लोखंडेंच्या काळातही प्रत्येक कामगार ‘संमतीनेच’ चौदा तास काम करत होता.

ज्यांचा मालकच ठरलेला नाही, त्यांचं काय?

आता सगळ्यात नव्या कामगारांकडे येऊ. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटींवर जातील. जेवण पोहोचवणारे, किराणा आणणारे, टॅक्सी चालवणारे. कंपन्या त्यांना ‘पार्टनर’ म्हणतात. पगार नाही, ठरलेली वेळ नाही, साहेबही नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप काम देतं आणि आयडी बंद करून कामावरून काढतंही. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस अनेक शहरांतल्या डिलिव्हरी कामगारांनी संपाची हाक दिली. दहा मिनिटांत डिलिव्हरीची सक्ती थांबवा आणि कारण न देता आयडी बंद करू नका, या त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या.

अशा कामगारांची युनियन कशी करायची? गिरणीला गेट होतं, गेटवर सभा घेता यायची. इथे गेटच नाही.

हा प्रश्न नवा वाटतो, पण महाराष्ट्राने त्याचं एक उत्तर पूर्वीच शोधलं होतं.

बाजारपेठेतला हमाल आठवा. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक उतरवतो, दुपारी दुसऱ्याची पोती वाहतो. त्याचा मालक कोण? सगळेच आणि कोणीच नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांनी या माणसांना संघटित केलं. त्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला.

त्याची रचना अशी: सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचं मंडळ. कामगार आणि व्यापारी दोघांची तिथे नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची आणि वर ठरावीक टक्के लेव्ही. मंडळ कामगाराला मजुरी देणार आणि लेव्हीतून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी बघणार. मालक रोज बदलला तरी हक्क बदलत नाहीत.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतली गिग कामगारांची तरतूद याच वाटेवरची आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची, मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नसेल. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदे करून कल्याण मंडळाची वाट धरली.

फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. माथाडी मंडळ मजुरीचे दरही बघतं. गिग कामगाराला निधीतून उद्या विमा मिळेल, पण एका डिलिव्हरीचे किती पैसे, हे आजही अ‍ॅपच ठरवणार आहे. त्यावर बोलायला समोर माणूस नाही आणि टेबलही नाही.

माथाडी कायद्यातही सगळं आलबेल नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितली जाते, अशा तक्रारी उद्योजक वर्षानुवर्षं करत आले आहेत. पण ‘मालक ठरलेला नाही म्हणून हक्क देता येत नाहीत’ हे कारण टिकत नाही, एवढं या कायद्याने दाखवून दिलं. बाबा आढाव यांचं डिसेंबर २०२५ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झालं. गिग कामगारांचा प्रश्न ऐरणीवर येत होता, तेव्हाच त्यावरचं उत्तर घडवणारा माणूस गेला.

मग युनियनची गरज आहे की नाही?

इतिहास बघितला तर तीन गोष्टी दिसतात.

एक, रविवारची सुट्टी, ४८ तासांचा आठवडा, माथाडींचा प्रॉव्हिडंट फंड यातली एकही गोष्ट संघटित दबावाशिवाय आलेली नाही. आणि एकदा कायदा झाला की त्याचा फायदा युनियनच्या सभासदापुरता राहिला नाही. कधीच मोर्चात न गेलेल्यांनाही तो मिळाला. ऑफिसात बसून ‘या युनियनवाल्यांचं काय खरं नाही’ म्हणणाऱ्यांनाही.

दोन, युनियन आपोआप न्यायी होत नाही. तिने दलित विणकरांकडे, गिरणीतल्या बायकांकडे दुर्लक्ष केलं. नेते पक्षांच्या दावणीला बांधले गेले, सभासदांपासून तुटले. आजही बहुतेक संघटना कायम कामगारांच्या आहेत आणि शेजारी तेच काम निम्म्या पगारात करणारा कंत्राटी कामगार त्यांच्या बाहेर आहे.

तीन, युनियन नाही म्हणून असंतोष संपत नाही. तो साठत जातो आणि मग असा फुटतो की कामगार, मालक, प्रवासी, ग्राहक सगळ्यांचंच नुकसान होतं.

नव्या संहितांची खरी परीक्षा इथे आहे. ५१ टक्क्यांची संघटना बांधणं कामगाराला प्रत्यक्षात जमणार आहे का, की नोटीस आणि करारांच्या भीतीने ते कागदावरच राहणार? ज्या राज्याने लोखंडे दिले आणि माथाडी कायदा केला, ते राज्य डिलिव्हरी करणाऱ्या पोरांसाठी दरही ठरवू शकेल असं मंडळ उभं करणार का?

१८८४ च्या निवेदनात अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. आज भर पावसात पार्सल घेऊन निघालेला मुलगाही साधारण तेच मागतो आहे. फरक इतकाच, की साडेपाच हजार सह्या कोणाकडे नेऊन द्यायच्या, हे तेव्हाच्या कामगारांना माहीत होतं.